आकाशातून पडलेल्या बाईची गोष्ट मुलांना सांगायची असेल तर

अर्नेस्ट स्मिथ नावाच्या, अमेरिकेतल्या सेनेका या मूळनिवासी राष्ट्राच्या चित्रकाराने १९३६ मध्ये काढलेलं एक चित्र आहे. वरून एक बाई पडते आहे, खाली पाणीच पाणी, आणि पांढरे पक्षी पंख पसरून तिच्याखाली गोळा झालेत. पाण्यात कासव आहे. साताऱ्याहून आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला राहायला आलो, त्या पहिल्याच हिवाळ्यात या चित्राची छापील प्रत मी आणि माझ्या सात वर्षांच्या लेकीने पाहिली. ती म्हणाली, "आई, ही घाबरली नसेल का गं?" आणि मी उत्तर दिलं, "अगं, हा आपला कूर्मावतारच की!"

लेकीने विचारलं होतं बाईबद्दल, मी सांगितलं कासवाबद्दल. तेही आपल्या कासवाबद्दल. ही चूक माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. आता दर जानेवारीत आमच्या रविवारच्या मराठी वर्गात मी सेनेकांची आणि त्यांच्या भाऊबंद राष्ट्रांची, जग कसं झालं याची ही गोष्ट मराठीतून सांगते. इतर गावांतल्या मराठी शाळांच्या बाया "कशी सांगायची?" म्हणून विचारतात. त्यांच्यासाठी, आणि पुणे-नाशिकला बसून नातवंडांना सांगू पाहणाऱ्या आज्यांसाठी, हे लिहिते आहे.

आधी नाव आणि क्रियापद सुधारा

ज्या लोकांची ही गोष्ट, त्यांच्यासाठी पुस्तकांत 'इरोक्वॉय' हा शब्द भेटेल. फ्रेंचांमुळे रूढ झालेलं हे बाहेरचं नाव आहे. ते स्वतःला होडिनोशोनी म्हणवतात, म्हणजे लांबघराची माणसं. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका ही पूर्वेकडून पश्चिमेकडे पसरलेली पाच राष्ट्रं, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेकडून येऊन मिळालेली टस्करोरा. लांबघर म्हणजे झाडाच्या सालींनी शाकारलेलं लांबलचक घर. त्यात आईच्या बाजूने नातं असलेली अनेक कुटुंबं एकत्र राहायची. न्यूयॉर्क राज्याचा नकाशा काढा आणि त्यावर असं एक घर आडवं कल्पून दाखवा: पूर्वेचं दार राखणारे मोहॉक, पश्चिमेचं दार राखणारे सेनेका, मधोमध चूल सांभाळणारे ओनोंडागा. मुलांना हे एका दमात समजतं.

आणि 'होते' म्हणू नका, 'आहेत' म्हणा. सिराक्यूज शहराजवळच्या ओनोंडागा राष्ट्रात आजही प्रमुख मतदानाने निवडले जात नाहीत, कुळातली वडीलधारी बाई, कुळमाता, त्यांना नेमते. चुकला तर तीच काढते. मूल कुळ घेतं ते आईचं. गोष्टीत पहिली येणारी व्यक्ती बाई का आहे, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एकच रूप धरा, आणि कुणाचं ते सांगा

ही गोष्ट एकाच ठरीव पोथीत नाही. प्रत्येक राष्ट्राची, खरं तर प्रत्येक सांगणाऱ्याची, थोडी वेगळी. डेव्हिड क्युसिक या टस्करोरा माणसाने १८२७ मध्ये ती इंग्रजीत छापली. जे. एन. बी. ह्युइट, तेही टस्करोरा वंशाचे, स्मिथसोनियन या अमेरिकी संशोधन संस्थेत काम करत. त्यांनी १९०३ मध्ये ओनोंडागा, सेनेका आणि मोहॉक अशी तीन रूपं मूळ भाषेत, शब्दाखाली शब्दाचा अर्थ देऊन छापली. सगळ्यांत विस्तृत रूप त्यांना सांगितलं ते कॅनडातल्या ग्रँड रिव्हरकाठच्या जॉन आर्थर गिब्सन या सेनेका प्रमुखांनी. लॅक्रॉस हा काठी-चेंडूचा खेळ खेळताना इजा होऊन त्यांची दृष्टी गेली होती. १९०० मध्ये, ओनोंडागा भाषेत, सगळं स्मरणातून त्यांनी ते सांगितलं. छापून आलं १९२८ मध्ये, गिब्सन गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. दृष्टी नसलेला तो माणूस बोलतो आहे आणि दुसरा उतरवून घेतो आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडे आजीच्या ओव्या कुणी अशा बसून उतरवून घेतल्या असतील, त्याला त्याची किंमत कळेल.

चार रूपांतली गोड गोड वाक्यं वेचून पाचवं रूप शिवू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं, आणि शेवटी चिखल कुणी आणला, हे मलाच सांगता येईना. एक रूप घ्या, सुरुवातीलाच सांगा की हे अमक्या राष्ट्राच्या अमक्या सांगणाऱ्याकडचं. कीर्तनकार अभंग म्हणण्याआधी "तुकोबा म्हणतात" म्हणतो ना, तसं. दुसऱ्या रूपात काही वेगळं असलं तर "काहीजण असंही सांगतात" म्हणून पुढे जा. मुलांना त्यात काही अडचण वाटत नाही. अडचण मोठ्यांना वाटते.

गोष्ट सांगताना कुठे थांबायचं

वर आकाशात एक जग आहे. तिथे माणसं राहतात, घरं आहेत, आणि मधोमध एक झाड आहे, ज्याच्या फुलांचा उजेड पडतो. तिथल्या प्रमुखाला स्वप्न पडतं. इथे पहिल्यांदा थांबा. होडिनोशोनींमध्ये स्वप्न ही सोडून द्यायची गोष्ट नव्हे. स्वप्नात मन जे मागतं ते ओळखून पुरं केलं नाही, तर माणूस आजारी पडतो. म्हणून ते झाड उपटलं जातं. जमिनीला भोक पडतं.

प्रमुखाची बायको गरोदर आहे. ती भोकातून खाली डोकावते. काही सांगणारे म्हणतात ती वाकली आणि तोल गेला. काही म्हणतात, नवऱ्याने संशयाने ढकललं. पडता पडता ती काठाला हात घालते आणि मुठीत वरच्या जगातली मुळं, बिया येतात. तंबाखू आणि स्ट्रॉबेरी अशी आली, असं बरेचजण सांगतात.

तिला पापी ठरवू नका. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानावर आदम आणि इव्हची गोष्ट पडलेली असते, "पडली म्हणजे तिला शिक्षा झाली" असं ती पटकन म्हणून टाकतात. या गोष्टीत पडणं म्हणजे शिक्षा नाही. ती पडते म्हणून जमीन होते.

आता खाली बघा. माणूस नाही, जमीन नाही, पण जग रिकामं नाही. पाण्यात आणि पाण्यावर प्राणी आहेत, पक्षी आहेत, ते आधीपासूनचे. त्यांना वरून काहीतरी पडताना दिसतं आणि ते पळून जात नाहीत. पक्षी उडून पंखांवर तिला झेलतात. मग सभा भरते: हिला ठेवायची कुठे? कासव म्हणतं, माझ्या पाठीवर ठेवा. पण पाठ तेवढी पुरणार नाही, तळाची माती हवी. ऊद बुडी मारतो, बीव्हर बुडी मारतो. शेवटी पाणउंदीर जातो. इथला मस्करॅट म्हणजे वीतभरापेक्षा थोडा मोठा, तपकिरी, कुणी दुसऱ्यांदा वळूनही बघणार नाही असा प्राणी. तो वर येतो तेव्हा मेलेला असतो. पंजाची मूठ उघडतात, आत चिमूटभर चिखल.

इथे पुन्हा थांबा, आणि बराच वेळ थांबा. माझ्या मते सगळ्या गोष्टीचा जीव इथे आहे. माणूस या जगात आला तो पाहुणा म्हणून, आणि त्याच्यासाठी पहिला जीव गेला तो एका पाणउंदराचा. जमीन आपल्याला कुणी बहाल केली नाही. आधीपासून इथे असलेल्यांनी सभा घेऊन, जागा करून, एकाचा जीव घालून आपल्याला ठेवून घेतलं. हे उसनं आहे, आणि ते कुणाचं उसनं आहे हे नावानिशी ठाऊक आहे. ही गोष्ट मुलांना का सांगायची, असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन.

बाई तो चिखल कासवाच्या पाठीवर पसरते आणि गोल फिरत चालू लागते. ती चालते तशी जमीन वाढते. आजही त्यांचे नाच घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. बायकांच्या नाचात पाय जमिनीवरून उचलत नाहीत, टाच आणि चवडा सरकवत, जमीन चोळल्यासारखं पुढे जातात. वर्गातल्या मुलींना सांगून बघा. साध्या मोज्यांनी फरशीवर दहा पावलं तसं सरकायला लावा. आपल्या प्रदक्षिणेची सवय इतकी पक्की की सगळ्या आधी उजवीकडूनच वळतात. ती दिशा चुकणं मला फार उपयोगी वाटतं. देवळात सभामंडपात दगडी कासव असतं, आपण त्याला नमस्कार करून पुढे जातो. त्यांचं कासव वेगळं आहे, त्याच्या भोवतीचं फिरणंही वेगळं. कूर्माची गोष्ट जरूर सांगा, पण दुसऱ्या रविवारी. कूर्माने मंदार पर्वत तोलला तो देव-दानवांच्या अमृतासाठी, देवच होता तो. इथलं कासव देव नाही. परक्या बाईला जागा दिली, एवढंच त्याने केलं.

वेळ असेल तर एक खेळण्यातलं कासव घेऊन पाठीवरची मोठी खवलं मोजायला द्या. तेरा भरतील. वर्षात चंद्राचे तेरा फेरे, असं होडिनोशोनी त्यावर मोजतात.

जुळ्यांना देव-राक्षस करू नका

बाईला मुलगी होते. मुलगी मोठी होते, तिला दिवस जातात, पोटात जुळे. त्यातला एक रीतीने जन्मतो, दुसरा आईच्या कुशीतून फाडून बाहेर येतो आणि आई मरते. तिला पुरतात. तिच्या देहातून मका, घेवडा आणि भोपळा उगवतो. धरतीला ते आई म्हणतात ते उगाच काव्य म्हणून नव्हे, ती खरोखर तिथे पुरलेली आहे.

जुळ्यांची नावं मी मराठी करते. पहिल्याच्या नावाचा अर्थ कोवळं झाड, म्हणून 'कोंब'. दुसरा म्हणजे चकमकीचा दगड. त्याच्यासाठी मला आपल्या भाषेतच तयार शब्द सापडला: 'गार'. ह्युइट यांनी या दुसऱ्या भावाचं नातं नुसत्या दगडाशी नाही, तर हिवाळ्याशी आणि बर्फाशी जोडलं आहे. आणि मराठीत गारगोटीतली गार, आभाळातून पडणारी गार आणि हाताला लागतं ते गार, सगळं एकाच शब्दात. हा शब्द सुचला त्या दिवशी मी वर्गात जायची वाट बघत होते.

कोंब नद्या करतो दोन्ही बाजूंनी वाहणाऱ्या, म्हणजे जाताना-येताना वल्हवायचे कष्ट नाहीत. गार त्यांना वळणं देतो, खडक टाकतो, एकाच दिशेने वाहायला लावतो. असं दोघांचं चालतं, आणि शेवटी झुंज होते, कोंब जिंकतो. क्युसिकच्या लिखाणात ही दोघं 'चांगलं मन' आणि 'वाईट मन' आहेत, आणि त्यात मिशनऱ्यांच्या काळाची सावली मला जाणवते. जुन्या रूपांत हिशेब इतका सरळ नाही. हरलेला भाऊ नाहीसा होत नाही. खडकाळ नद्या राहिल्याच, हिवाळा राहिलाच, रात्र राहिली. चार महिने बर्फ उपसणाऱ्या या गावात मुलांना हे न सांगताच कळतं. "गार वाईट होता का?" असा प्रश्न येईल. लगेच उत्तर देऊ नका, बाहेर बघायला सांगा.

आकाशातून पडलेल्या त्या बाईचं, म्हणजे जुळ्यांच्या आजीचं, पुढे काय होतं? कुणी म्हणतं तिचं डोकं, कुणी म्हणतं तिच्या मुलीचं, आकाशात गेलं आणि चंद्र झालं. त्यांच्यासाठी चंद्र ही आजी आहे. आपल्याकडे चांदोमामा. आमच्या वर्गातली एक चिमुरडी म्हणाली, "म्हणजे आपल्याला मामा आणि त्यांना आजी, घर एकच." मी तिला सुधारलं नाही.

हाताला काहीतरी लागू द्या

रॉचेस्टरपासून थोड्या अंतरावर व्हिक्टर गावात गनोंडागन आहे. सेनेकांचं मोठं नगर होतं तिथे. १६८७ मध्ये फ्रेंच सैन्य चालून आलं तेव्हा ते जळालं. पुढे १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमाने सेनापती सलिव्हनच्या फौजेने या भागातली चाळीसच्या वर गावं आणि उभी मक्याची शेतं जाळली. म्हणून गनोंडागनला आज पांढरा मका पुन्हा पिकवून विकतात, त्याला मी फार मान देते. त्या आईच्या देहातून उगवलेलं बियाणं दोन जाळपोळींतून वाचलं आहे.

तो मका आणून वर्गात शिजवतो. दाणे वाळलेले, मोठे, दुधासारखे पांढरे. कृती साधी पण सांभाळून करायची. मेपलसारख्या कठीण लाकडाची चाळलेली राख पाण्यात घालून उकळायची आणि त्यात दाणे टाकायचे. पातेलं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनिअमचं चालणार नाही, राखेच्या पाण्याने ते खाल्लं जातं. ते पाणी दाहक असतं, मुलांना लांब ठेवा, स्वतः हातमोजे घाला. साधारण अर्ध्या तासात दाणा पिवळा होतो आणि साल सुटायला लागते. मग टोपलीत घालून वाहत्या पाण्याखाली चोळायचं. पारदर्शक सालींचे पापुद्रे आणि दाण्याच्या बुडाची काळी टोकं पाण्याबरोबर निघून जातात. चार-पाच पाण्यांनी धुवून, पाणी स्वच्छ आलं की, घेवड्याबरोबर तासन्‌तास शिजवायचं. राखेमुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाचा आजार, झाला.

मका, घेवडा, भोपळा या त्यांच्या तीन बहिणी. एकाच उंचवट्यावर लावतात: घेवडा मक्याच्या ताटावर चढतो आणि मातीला नत्र देतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात. मुलांना आणखी एक सांगा, आणि हा संबंध ओढूनताणून आणलेला नाही: मका, फरसबी-राजम्याचा घेवडा आणि लाल भोपळा ही तिन्ही पिकं कोलंबसानंतर अमेरिकेतून आपल्याकडे आली. म्हणून त्या रविवारी मी लाल भोपळ्याचे घारगे करून नेते. आपल्या सणाच्या ताटात त्या खंडाचं उसनं कधीपासून बसलं आहे, हे घारग्याचा घास घेताना सांगितलं की लक्षात राहतं.

काय करू नये

लाकडी मुखवटे त्यांच्यासाठी जिवंत आणि पवित्र आहेत. ते दाखवायचे नाहीत, अशी त्यांच्या परिषदेची स्पष्ट भूमिका आहे. इंटरनेटवर चित्रं सापडतात, तरी ती लावू नका, आणि कागदी मुखवटे करायचा उपक्रम तर मुळीच घेऊ नका. पिसांचे टोपही नकोत.

गोष्ट हिवाळ्यात सांगा. त्यांची रीत तशी आहे: जमीन झोपलेली असताना गोष्टी, पेरणी सुरू झाली की काम. त्यांचा मोठा हिवाळी सोहळा संध्याकाळी कृत्तिका डोक्यावर आल्या की त्यानंतरच्या अमावास्येवरून ठरतो. तिथी बघणाऱ्या आपल्या माणसांना हे लगेच जवळचं वाटेल. त्या सोहळ्यात पीचच्या सहा बिया, एका बाजूने भाजून काळ्या केलेल्या, लाकडी वाडग्यात आपटून खेळतात. जुळ्या भावांच्या पैजेची ती आठवण आहे. आम्ही तो खेळ वर्गात खेळत नाही, फक्त सांगते. तो त्यांच्या पूजेचा भाग आहे.

शेवटी आभार

सभा असो वा सण, होडिनोशोनी सुरुवात आणि शेवट आभारांनी करतात. माणसं, धरती, पाणी, मासे, झाडपाला, पिकं, औषधी, प्राणी, झाडं, पक्षी, वारे, गडगडणारे आजोबा, सूर्य, चंद्र-आजी, तारे, आणि शेवटी निर्माता. एकेकाचे आभार मानून झाले की म्हणायचं, आता आमची मनं एक झाली. मागणं काही नाही. मी पसायदान लहानपणापासून म्हणत आले, ते मागणं आहे, आणि सुंदर आहे. हे मोजणं आहे: कोण कोण आपलं काम अजून करतं आहे, त्यांची हजेरी.

माशांचे आभार मानतात ते पाणी स्वच्छ ठेवल्याबद्दल. सिराक्यूजचं ओनोंडागा तळं होडिनोशोनींचं सगळ्यांत पवित्र ठिकाण. तिथेच त्यांच्या परंपरेतल्या शांतिदूताने भांडणाऱ्या पाच राष्ट्रांना एकत्र आणलं. कारखान्यांच्या पाऱ्याने आणि शहराच्या सांडपाण्याने ते इतकं बिघडलं की १९४० मध्ये पोहायला आणि १९७० मध्ये मासेमारीला बंदी आली. आभारांच्या यादीत माशांपाशी आलं की मी हे मुलांना सांगते. मग पुढे जाते. भाष्य करत नाही.

वर्गात आम्ही त्यांचे शब्द म्हणत नाही. प्रत्येक मुलाने आज सकाळपासून ज्याचं काही घेतलं त्या एकाचं नाव मराठीत घ्यायचं, बस. पहिल्या वर्षी "आईचे आभार, बाबांचे आभार" एवढंच झालं. दुसऱ्या वर्षी कुणी दूध म्हणालं, कुणी म्हणालं बस चालवणारे काका. गेल्या जानेवारीत माझी लेक, आता पंधरा वर्षांची, मला मदत करायला आली होती. तिची पाळी शेवटची. ती म्हणाली, "पाणउंदराचे." आणि मग माझ्याकडे बघून, "आई, ती घाबरलीच असेल गं. पण त्यांनी झेललं."